डिलीट केलं म्हणजे गेलं?

जुना फोन, लॅपटॉप किंवा पेनड्राइव्ह विकायला काढलाय? त्यातले खासगी फोटो खरंच पुसले गेलेत की फक्त दिसेनासे झालेत, हे आधी बघा. मग भाव ठरवा.

सेमिस्टर संपलं, पार्टटाइम जॉबचे चार पैसे साठले, नवा फोन ठरला. आता जुन्याचं काय? कुणी ओएलएक्सवर टाकतं, कुणी एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊन मोकळं होतं, कुणी पुण्यात बुधवार पेठेत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन घासाघीस करतं. घेणारा सगळं बघतो. बॅटरी किती टिकते, स्क्रीनवर ओरखडा आहे का, कॅमेरा नीट चालतो का, बिल आहे का.

आणि देणारा? तो गॅलरी उघडतो, सिलेक्ट ऑल करतो, डिलीट दाबतो. झालं. फोन दुकानदाराच्या हातात, पैसे आपल्या खिशात.

आता जरा आठवून बघा, त्या फोनमध्ये काय काय होतं. आधार कार्डचा फोटो. मार्कशीट. बाबांच्या पासबुकाचं पहिलं पान. आजी हॉस्पिटलमध्ये होती तेव्हाचे तिचे रिपोर्ट. ट्रायल रूममध्ये काढून मैत्रिणीला पाठवलेला, ‘हा ड्रेस घेऊ का?’ असं विचारणारा फोटो. आणि हो, ज्याला आपण नुसतं ‘ते फोटो’ म्हणतो, तेही. स्वतःचे, किंवा कुणीतरी विश्वासानं पाठवलेले.

गंमत म्हणजे फोन कोणता घ्यावा यावर कॅन्टीनमध्ये तासभर चर्चा होते, पण जुन्या फोनमधले फोटो कायमचे कसे घालवायचे हे कुणी विचारत नाही. विचारलं की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘का रे, असं काय आहे त्यात?’ मग सगळे हसतात आणि विषय संपतो. त्या लाजेपोटी आपण अर्धवट माहितीवर फोन विकून टाकतो. म्हणून एक गोष्ट आधीच बोलून टाकू. खासगी फोटो असणं हा गुन्हा नाही, वेडेपणाही नाही. आणि ते पुसायचे कसे, हे तासाभरात शिकण्यासारखं काम आहे.

अनुक्रमणिकेचं पान फाडलं, धडा तसाच

डिलीट दाबल्यावर नेमकं काय होतं? एक जाडजूड पुस्तक डोळ्यांपुढे आणा. सुरुवातीला अनुक्रमणिका, कोणता धडा कितव्या पानावर ते सांगणारी. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर किंवा मेमरी कार्डवर अशीच एक अनुक्रमणिका असते. तुमचा फोटो कुठल्या जागेपासून कुठल्या जागेपर्यंत साठवलाय, त्याची नोंद तिथं असते.

तुम्ही फोटो डिलीट करता तेव्हा बऱ्याचदा फक्त त्या नोंदीवर काट मारली जाते. ‘ही जागा आता रिकामी समजा’ एवढंच मशीनला सांगितलं जातं. धडा तिथंच असतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो जसाच्या तसा पडून राहतो. विंडोजमधला क्विक फॉरमॅटही हेच करतो. तो नवी कोरी अनुक्रमणिका चिकटवतो. आतली पानं तशीच.

हे असं का ठेवलंय? वेगासाठी. एखादा दोन जीबीचा सिनेमा खरोखर पुसायचा तर दोन जीबी नव्यानं लिहावं लागेल. नोंदीवर काट मारायला क्षणही लागत नाही.

पण अनुक्रमणिका नसली तरी पुस्तक पहिल्या पानापासून चाळता येतं ना? रिकव्हरी सॉफ्टवेअर नेमकं तेच करतं. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात एका ठरावीक खुणेनं होते. सॉफ्टवेअर सगळी जागा चाळत जातं आणि ती खूण दिसली की तिथून फोटो उचलून घेतं. फाइलचं नाव मिळत नाही, चेहरा मिळतो.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. जुना पेनड्राइव्ह घ्या, त्यात कुठलेही दहा फोटो टाका. फुलांचे, कुत्र्याचे, काहीही. डिलीट करा. मग फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर त्यावर चालवा. ते फुकट आहे, कुणालाही डाउनलोड करता येतं. थोड्या वेळात दहातले बहुतेक फोटो परत समोर येतील. कदाचित त्यांच्यासोबत दोन वर्षांपूर्वीचं, तुम्ही विसरून गेलेलंही काही येईल. हे करायला हॅकर असावं लागत नाही. एवढं लक्षात आलं तरी पुढचं वाचायचं कारण कळेल.

असं खरंच कुणी करतं?

अमेरिकेत सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट या दोन संशोधकांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या. नीट पुसलेल्या किती निघाल्या? फक्त १२. बाकीच्यांत लोकांचे ईमेल, आजारपणाची माहिती आणि हजारो क्रेडिट कार्ड नंबर सापडले. त्यांचा हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग काळ आला फोनचा. २०१४ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीनं ईबेवरून २० जुने अँड्रॉइड फोन विकत घेतले आणि त्यांतून ४० हजारांहून जास्त फोटो परत मिळवले. कमी कपड्यांतल्या स्त्रियांचे ७५० हून जास्त, पुरुषांनी स्वतःच्या गुप्तांगांचे काढलेले अडीचशेहून जास्त. अवास्टला स्वतःचं सॉफ्टवेअर विकायचं होतं, हे खरं. पण पुढच्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठातल्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी २१ जुने अँड्रॉइड फोन तपासले. चक्क फॅक्टरी रिसेट केल्यानंतरही त्यांतला डेटा मिळत होता. जगभरातल्या ५० कोटींपर्यंत फोनमध्ये रिसेट नीट होत नसावा, असा अंदाज त्यांनी मांडला.

घाबरू नका. हे सगळे फोन अँड्रॉइड २.३ ते ४.३ वरचे, म्हणजे बरेच जुने होते. त्यानंतर फोनच्या पोटात एक मोठा बदल झाला, आणि तो आपल्या फायद्याचा आहे.

फोन : फोटो नको, किल्ली पुसा

लहानपणी ‘च’ची भाषा बोलायचात का? ज्याला ती येत नाही त्याला समोर बसूनही काही कळायचं नाही. एन्क्रिप्शन म्हणजे त्याचाच फार फार पक्का अवतार. फोन प्रत्येक फोटो अशा गुप्त भाषेत साठवतो, जी फक्त त्या फोनमधल्या किल्लीनंच उलगडते. किल्ली नसेल तर उरतो तो नुसता कचरा. चाळला तरी ती जेपीईजीची खूण सापडणारच नाही.

अँड्रॉइड १० हे २०१९ मध्ये आलं. हे किंवा यापुढचं अँड्रॉइड घेऊनच जे फोन बाजारात आले, त्यांत एन्क्रिप्शन सक्तीचं आहे. आयफोनमध्ये तर ते २००९ च्या थ्रीजीएस मॉडेलपासून आहे. अशा फोनवर फॅक्टरी रिसेट केला की किल्लीच नष्ट होते. हजार फोटो एकेक करून पुसायची गरज उरत नाही. म्हणून आजच्या फोनसाठी फॅक्टरी रिसेट पुरेसा आहे. रिसेटनंतर मेमरी सिनेमांनी भरा, परत रिसेट करा, असं तीनदा करा, हा सल्ला अजून फिरतो. तो त्या जुन्या फोनांच्या काळातला आहे.

तुमचा फोन फारच जुना असेल तर सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली ‘एन्क्रिप्ट फोन’ हा पर्याय आहे का बघा. तो आधी चालू करा, काम पूर्ण होऊ द्या, मग रिसेट करा. पर्यायच नसेल, तर त्या फोनचे मिळून किती मिळणार आहेत? तो न विकलेलाच बरा.

रिसेटचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी बॅकअप घ्या आणि दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर तो उघडून बघा. ‘घेतला असेल’ यावर जाऊ नका. मग यूपीआय आणि बँकेच्या ॲपमधून बाहेर पडा. ओटीपी देणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर ते नव्या फोनवर हलवा. सिम आणि मेमरी कार्ड काढा. मग गूगल अकाउंट फोनवरून काढून टाका. ते न काढता रिसेट केलात तर चोरीविरोधी कुलूप पडू शकतं, आणि घेणारा दोन दिवसांनी तुम्हालाच फोन करेल, ‘भाऊ, पासवर्ड सांगा.’ शेवटी सेटिंग्ज, सिस्टिम, रिसेट ऑप्शन्स, इरेज ऑल डेटा. कंपनीनुसार नावं थोडी बदलतात. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या सर्चमध्ये ‘रिसेट’ टाइप करा.

आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, ट्रान्सफर ऑर रिसेट आयफोन, मग इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज. ॲपलचा पासवर्ड विचारेल, तो द्या. त्यानं ॲक्टिव्हेशन लॉकही निघतो.

इथं एक खड्डा आहे. बरेच जण रिसेटच्या आधी गॅलरीतले फोटो हातानं डिलीट करतात. फोन क्लाउडशी जोडलेला असेल तर ते फोटो क्लाउडवरूनही उडतात. कॉलेजची तीन वर्षं एका झटक्यात गायब. ठेवायचे फोटो असतील तर बॅकअप, अकाउंट काढणं, रिसेट, एवढंच करा. गॅलरीत हात घालू नका.

मेमरी कार्ड : सगळ्यांत मोठी गळती

फोन एन्क्रिप्टेड आहे म्हणून निर्धास्त झालात? त्याच्या पोटातलं मेमरी कार्ड बहुतेक वेळा एन्क्रिप्टेड नसतं. फॅक्टरी रिसेटनं ते बहुतेक फोनांमध्ये पुसलंही जात नाही. हरवलेला फोन दुरून पुसायची सोय गूगल देतं, तिथंही कार्डवरचा डेटा राहू शकतो. म्हणजे फोन कोरा, आणि कार्डवर चार वर्षांचा कॅमेरा फोल्डर. डिजिटल कॅमेरा, ड्रोन, डॅशकॅम यांच्या कार्डांचंही हेच.

कार्ड आणि पेनड्राइव्हची आणखी एक गंमत आहे. वहीत एकाच जागी खोडून खोडून पान फाटतं ना? फ्लॅश मेमरीचं तसंच. एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहिलं तर ती जागा झिजते. म्हणून आतला कंट्रोलर हुशारी करतो, दर वेळी नव्या जागी लिहितो. तुम्ही म्हणता, ‘या फोटोवर दुसरं काहीतरी लिही.’ तो ‘हो’ म्हणतो आणि भलत्याच जागी लिहितो. जुना फोटो जुन्या जागी पडून. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी अशा फ्लॅश मेमरीच्या ड्राइव्ह तपासल्या. एकच फाइल निवडून पुसणारं कुठलंही तंत्र तिथं भरवशाचं निघालं नाही.

मग करायचं काय? एकेक फोटो ‘श्रेड’ करत बसू नका, अख्खं कार्ड वरून खाली भरून टाका. एसडी असोसिएशनचं एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात क्विक नाही, ओव्हरराइट फॉरमॅट निवडा. विंडोजमध्ये पेनड्राइव्ह फॉरमॅट करताना क्विक फॉरमॅटसमोरची टिक काढा. मग विंडोज सगळ्या जागेवर शून्यं लिहितं. वेळ लागतो, चहा पिऊन या. एवढं केल्यावर साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या हाती काही लागणार नाही. कंट्रोलरनं राखून ठेवलेल्या थोड्या जागेत काही तुकडे उरू शकतात, पण ते काढायला चिप उखडून वाचणारी लॅब लागते.

आणि खरं सांगू? कार्ड किंवा पेनड्राइव्ह विकून मिळणार किती, शंभर-दोनशे? कार्ड स्वतःजवळ ठेवा. नकोच असेल तर आतली काळी चिप मोडेल असं तोडा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. फोन मात्र असा फोडू नका, खिळे तर मारूच नका. आतली लिथियम बॅटरी पेट घेते. शिवाय स्क्रीन फुटली म्हणून मेमरीची चिप फुटत नाही.

लॅपटॉप : आत फिरती डिस्क की एसएसडी?

जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असते. ती पुसणं सोपं, पण वेळखाऊ. सगळ्या जागेवर एकदा शून्यं लिहिली की काम झालं. तुम्हाला कुणी ३५ वेळा लिहायला सांगेल. तो आकडा पीटर गटमन यांच्या १९९६ च्या एका शोधनिबंधातून आला. त्या काळच्या वेगवेगळ्या डिस्कसाठीच्या पद्धती त्यात एकत्र होत्या. आजच्या डिस्कवर ३५ वेळा लिहिण्यात अर्थ नाही, असं पुढं गटमन यांनीच सांगितलं. अमेरिकेची मानकं ठरवणारी संस्था एनआयएसटी हिच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनाही एकदा लिहिणं पुरतं असंच म्हणतात.

विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्जमधल्या रिकव्हरीखाली ‘रिसेट धिस पीसी’ मिळेल. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा, पण लगेच पुढे जाऊ नका. ‘चेंज सेटिंग्ज’ उघडा आणि ‘क्लीन डेटा’ चालू करा. ते बंद असेल तर अनुक्रमणिकाच फाटते. तिथंच सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइल काढायचा पर्याय दिसला तर तोही चालू करा. आपल्याकडे सी ड्राइव्हमध्ये विंडोज आणि डी ड्राइव्हमध्ये ‘न्यू फोल्डर’, त्यात आणखी एक ‘न्यू फोल्डर’ अशी पद्धत आहे. सी पुसून डी तसाच द्यायचा प्रकार सर्रास होतो.

नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते, म्हणजे पुन्हा फ्लॅश मेमरी. तिथं उपाय फोनसारखाच. आधी एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. विंडोजमध्ये त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. चालू नसेल तर करा, पूर्ण होऊ द्या, मग क्लीन डेटासकट रिसेट करा. काही एसएसडी कंपन्या ‘सिक्युअर इरेज’चं स्वतःचं टूल देतात, तेही चालेल. नव्या मॅकबुकवर मॅकओएस मॉन्टेरेपासून आयफोनसारखंच इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज आलंय.

फोटोचे भाऊबंद

फोन कोरा झाला. पण फोटो एकाच जागी थोडीच असतो?

गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप घेतलेला फोटो ६० दिवस राहतो, न घेतलेला ३० दिवस. आयफोनच्या रिसेंटली डिलीटेडमध्येही साधारण ३० दिवस. व्हॉट्सॲपवर तुम्ही पाठवलेल्या फोटोंचा ‘सेंट’ नावाचा वेगळा फोल्डर असतो, तो गॅलरीत दिसत नाही. फाइल मॅनेजरमधून व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरमध्ये शिरून बघा. कधीच पाठवला नव्हता असं वाटणारे फोटोही तिथं निघतील. टेलिग्रामचे सेव्हड मेसेजेस, इन्स्टाग्रामचे डीएम, कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीवर प्रिंट काढायला उघडलेलं व्हॉट्सॲप वेब, हे सगळे त्याच फोटोचे भाऊबंद.

फोन विकल्यावर नव्या फोनवरून गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये ‘युअर डिव्हायसेस’ उघडा. जुना फोन अजून यादीत असेल तर साइन आउट करा. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ बघा. ओळखीचं नसलेलं काही दिसलं की काढून टाका.

फोन घरातच धाकट्या भावाला किंवा आईला देणार असाल तरी रिसेट करूनच द्या. यात संशय घेण्यासारखं काही नाही. त्यांनाही कोरा फोन मिळेल, तुम्हालाही निवांत झोप लागेल.

विकायचा नाही, दुरुस्तीला द्यायचाय

हाँगकाँगचा अभिनेता आणि गायक एडिसन चेन यानं आपला लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता. त्यातले खासगी फोटो तिथल्या तंत्रज्ञानं कॉपी केले. २००८ च्या सुरुवातीला ते इंटरनेटवर पसरले. तंत्रज्ञाला २००९ मध्ये साडेआठ महिन्यांची कैद झाली. चेननं हाँगकाँगच्या मनोरंजन क्षेत्रातून बाजूला होत असल्याचं जाहीर केलं. पण सगळ्यांत जास्त सोसलं ते त्या फोटोंतल्या स्त्रियांनी. लॅपटॉप त्यांचा नव्हता, दुकानात तो त्यांनी दिला नव्हता, तरी वर्षानुवर्षं प्रश्न त्यांनाच विचारले गेले.

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासात १६ दुरुस्ती दुकानांत लॅपटॉप दिले गेले. सहा ठिकाणी खासगी फाइल उघडून बघितल्या गेल्या, त्यांतल्या दोन ठिकाणी त्या कॉपीही झाल्या. सगळे दुकानदार असेच असतात असं नाही, बहुतेक जण सरळ काम करतात. पण जोखीम कशाला? सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड असतो. तो लावला की दुरुस्ती करणाऱ्याला फोन वापरता येतो, तुमचा डेटा दिसत नाही. ते नसेल तर रिसेट करून द्या. पासकोड चिठ्ठीवर लिहून फोनच्या मागे चिकटवून देणं, हे मात्र आजपासून बंद.

स्क्रीन गेली, रिसेटच करता येत नाही? फोन चालू असून नेटला जोडलेला असेल तर गूगल किंवा ॲपलच्या ‘फाइंड’ सेवेतून तो दुरून पुसता येतो. तेही जमत नसेल तर आधी स्क्रीन तुमच्यासमोर बसवून घ्या, रिसेट करा, मग विका.

तो फोटो तुमच्या एकट्याचा नाही

वरच्या हाँगकाँगच्या गोष्टीत एक मुद्दा दडलाय. आपण ‘माझा फोन, माझे फोटो’ म्हणतो. पण फोनमध्ये दुसऱ्यांचेही फोटो असतात. हॉस्टेलच्या रूममध्ये रूममेटचे काढलेले. ट्रिपला धबधब्याखाली मैत्रिणींचे काढलेले. कुणीतरी फक्त तुमच्यावरच्या विश्वासानं पाठवलेले. नातं टिकलं असेल, तुटलं असेल, तो फोटो तिनं किंवा त्यानं तुम्हाला पाठवला होता, तुमच्या फोनच्या पुढच्या मालकाला नाही. त्यामुळे तो नीट पुसणं हे समोरच्याचं देणं आहे. ‘माझं काय जातंय, माझा तर चेहराही नाही त्यात’ असं कुणी म्हणत असेल तर त्याला हे ऐकवा.

तुम्ही असा फोटो कुणाला पाठवला असेल आणि तो किंवा ती फोन विकणार असल्याचं कळलं, तर सरळ सांगा, ‘रिसेट केलास का? कार्ड काढलंस का?’ हे विचारणं म्हणजे भांडण काढणं नव्हे.

आणि तरीही बाहेर गेला तर

एवढं करूनही कधी फोटो बाहेर गेला, किंवा कुणी ‘तुझे फोटो आहेत माझ्याकडे’ म्हणून धमकावलं, तर पहिलं वाक्य स्वतःला सांगायचं ते हे : चूक माझी नाही. गुन्हा फोटो काढणाऱ्याचा नाही, परवानगीशिवाय तो पसरवणाऱ्याचा आहे.

कायदाही हेच म्हणतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई नुसार कुणाच्या खासगी अवयवांचा फोटो संमतीशिवाय काढणं, प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्त्रियांच्या बाबतीत आणखी स्पष्ट आहे. फोटो काढायला तिची संमती होती पण पसरवायला नव्हती, तरी पसरवणं हा गुन्हाच.

पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि नंबर जपून ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार करा. महिला आणि मुलांबाबतच्या अशा गुन्ह्यांसाठी तिथं नाव न सांगताही तक्रार करता येते. १९३० ही सायबर हेल्पलाइन आहे. जिथं फोटो टाकलाय त्या प्लॅटफॉर्मकडेही लगेच तक्रार करा. २०२१ च्या आयटी नियमांनुसार अशा तक्रारीनंतर ठरावीक वेळेत तो फोटो हटवण्यासाठी पावलं उचलणं त्यांना बंधनकारक आहे. स्टॉपएनसीआयआय ही सेवाही आहे, १८ वर्षांवरच्यांसाठी. तुमचा फोटो तुमच्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा घेतला जातो आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी तो फोटो अडवायला वापरला जातो.

आणि घरात कुणाला तरी सांगा. आईला, ताईला, मामाला, मित्राला. धमकावणाऱ्याचं सगळं बळ ‘ही कुणाला सांगणार नाही’ यावरच असतं.

फोन हातातून सोडण्याआधी

१. बॅकअप घेतला आणि दुसरीकडे उघडून बघितला.
२. यूपीआय, बँक, ऑथेंटिकेटर नव्या फोनवर हलवले.
३. सिम काढलं. मेमरी कार्ड काढलं, ते विकायचं नाही.
४. गूगल किंवा ॲपलचं अकाउंट फोनवरून काढलं.
५. एन्क्रिप्शन चालू आहे याची खात्री केली, मग फॅक्टरी रिसेट केला.
६. लॅपटॉप असेल तर ‘क्लीन डेटा’ चालू केलं, डी ड्राइव्ह विसरलो नाही.
७. फोन परत चालू केला. ‘वेलकम’ दिसलं, अकाउंट न घालता आत जाऊन बघितलं, गॅलरी रिकामी.
८. नव्या फोनवरून जुन्याचं साइन आउट केलं.

आठही टिक झाल्या? आता खुशाल घासाघीस करा. कार्ड तेवढं घरी ठेवून जा.